मंडळीत घरचे कोण आणि पाहुणे कोण?

भुसावळच्या रेल्वे कॉलनीबाहेर चहाच्या टपरीला लागून जो कट्टा आहे, तिथे रविवारच्या उपासनेनंतर झालेला वाद मुद्दाम लिहून ठेवत आहे, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नाही. निमित्त झाले ते एका घोषणेचे. त्या सकाळी दोन बाळांचे बाप्तिस्मे होते. एका जुन्या घराण्यातील बाळाची घोषणा करताना आईवडिलांचे आणि आजोबांचेही नाव वाचले गेले; दुसऱ्या बाळाच्या वेळी मात्र ‘नवापूरकडील एका कुटुंबातील बाळ’ एवढ्यावरच घोषणा आटोपली. ते बाळ आमच्या मित्राच्या पुतण्याचे. हा मित्र रेल्वेत पॉइंट्समन आहे, घरी मावची ही आदिवासी बोली बोलतो, आणि कट्ट्यावर सगळे त्याला भाऊ म्हणतात.

भाऊ आवाज न चढवता म्हणाला, “आम्हाला कोणी दारातून परत पाठवत नाही, हे खरे आहे. सलाम होतो, चहा मिळतो. पण नाताळात खुर्च्या लावायला आमची मुले आठवतात आणि उपासनेत बायबलचा शास्त्रपाठ वाचायला कधी आठवत नाहीत.”

मास्तरांना हे लागले. ते निवृत्त शिक्षक, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, आणि मंडळीच्या कमिटीवर बरीच वर्षे काम केलेले गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे, की भुसावळसारख्या जंक्शनच्या गावी तमिळ, तेलुगू, मल्याळी, गोव्याची, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबे रेल्वेमुळे येत राहिली, वरणगावच्या आयुध निर्माणीमुळेही देशभरातून माणसे आली, आणि आता नंदुरबारकडून मावची, भिल्ल, कोकणी अशी आदिवासी कुटुंबे येत आहेत. अशा वेळी प्रत्येकाचे समाधान करू गेल्यास मराठी उपासनाच उरणार नाही. “रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग व कीर्तने देऊन मराठी मंडळीला तिचा स्वतःचा गळा दिला. त्याआधी आपण बव्हंशी इंग्रजी चालींवर बसवलेली गीते गात होतो. तो वारसा आम्ही सोडून द्यायचा का, भाऊ?”

त्यांनी दुसरा आधार दिला तो डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा. 1897 साली दमोह येथे जन्मलेल्या आणि मध्य भारतात सुमारे तीन दशके काम केलेल्या या मिशनऱ्याने असे मांडले होते, की वंश, भाषा किंवा वर्गाची भिंत ओलांडावी न लागता ख्रिस्ती होता आले तर माणसांना ते आवडते. म्हणून एकजिनसी मंडळ्या लवकर वाढतात. मास्तरांचा निष्कर्ष सरळ होता: तमिळांनी तमिळमध्ये भजावे, मावचींनी मावचीत, आणि सणावाराला सर्वांनी एकत्र यावे.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मातृभाषेत प्रार्थना करणाऱ्याला जो मोकळेपणा मिळतो, तो दुसऱ्या भाषेत सहसा मिळत नाही. परंतु मॅकगॅव्हरन यांचा मुख्य विचार माणसे विश्वासात येतात कशी याबद्दलचा होता. आत आल्यानंतर त्यांनी जन्मभर वेगवेगळ्या पंगतीत बसावे, असे त्यावरून ठरत नाही. हाच विचार अमेरिकेत गेल्यावर गोऱ्या उपनगरांतील मंडळ्यांना फार सोयीचा ठरला, असा आक्षेप तिथल्याच ख्रिस्ती टीकाकारांनी घेतला आहे. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतील सर्वांत विभागलेल्या तासांपैकी एक आहे, अशी लाज मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1960 साली दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत बोलून दाखवली होती. ते स्वतः पाळक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बोलण्याची धार कळते.

अण्णा इतका वेळ ऐकत होते. ते निवृत्त इंजिनचालक, मूळचे मदुराईचे, आणि खानदेशात आयुष्य गेल्यामुळे अहिराणीही समजणारे. ते म्हणाले, “आमची तमिळ प्रार्थना महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी होते, आणि ती मला हवीच आहे. तेवढ्याने मी मंडळीपासून तुटत नाही. तुटतो केव्हा, तर इमारतीच्या दुरुस्तीपासून नाताळच्या जेवणापर्यंत सगळे ठरून गेल्यावर मला वर्गणीचे पुस्तक दाखवतात तेव्हा.”

आमचे केळी बागायतदार मित्र पाटील ख्रिस्ती नाहीत. पण कट्ट्यावर कोणालाही बोलण्याची मुभा आहे. त्यांनी एका वाक्यात सांगितले, की लग्नात पाट तर पाहुण्यालाही मिळतो, पण स्वयंपाक काय करायचा हे ठरवायला ज्याला बोलावतात तो घरचा.

मला त्यावरून बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवला आणि मी तो मास्तरांसमोर ठेवला. यरुशलेमेतील पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यांना धीर धरण्याचा उपदेश केला नाही, की त्यांच्यासाठी वेगळी वाटणीही सुरू केली नाही. सात माणसे निवडली गेली, आणि स्तेफनापासून निकलावापर्यंत त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. निकलाव तर जन्माने यहुदीसुद्धा नव्हता. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती सगळ्यांची वाटणी सोपवली गेली. पुढे अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर, जेवत होता आणि यरुशलेमेतील याकोबाकडची यहुदी माणसे आल्यावर मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत सुनावले. मला वाटते, आमच्या खानदेशातील मंडळ्यांनी हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचावेत, कारण आमच्याकडे उघड मज्जाव कोणी करत नाही. आम्ही पेत्रासारखे हळूच मागे सरतो. उपासनेनंतरचा चहा पाहावा. खिडकीशी जुनी घराणी, जिन्यापाशी केरळी परिचारिका, आणि फाटकाबाहेर चपला घालून निघण्याच्या तयारीत असलेली नवापूरची कुटुंबे, अशी वर्तुळे कोणी न आखता पडतात.

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “मावचीत शास्त्रपाठ वाचला तर बाकीच्यांना काय कळणार?” भाऊने उत्तर दिले, “मास्तर, आधी मावचीत आणि लगेच तोच उतारा मराठीत वाचू. माझ्या आईला तुमच्या मराठीतले निम्मे कळत नाही, तरी ती दर रविवारी पूर्ण वेळ बसते.” या उत्तरानंतर टिळकांचा दाखलाच मास्तरांच्या विरुद्ध उभा राहिला, आणि तो त्यांनी स्वतःच मान्य केला: मराठी मंडळीला स्वतःच्या चालींचा हक्क असेल, तर डोंगरातल्या माणसाच्या सुरालाही तो आहे.

अडले ते कमिटीच्या जागांवर. आमच्या मंडळीत वार्षिक सभेत मत द्यायचे असेल, तर आधीच्या मंडळीचा सभासदत्वाचा दाखला लागतो. खेड्यातल्या मंडळीत पाळक अधूनमधून येतो आणि वही कोणाच्या घरी आहे हेच ठाऊक नसते. तिथून दाखला आणायचा कसा? त्यामुळे वर्षानुवर्षे अर्पण देणारी माणसे यादीत नाहीत, आणि यादीत नाहीत म्हणून उमेदवारही होऊ शकत नाहीत. मास्तर म्हणाले, की नियम शिस्तीसाठी आहे आणि तो मोडता येणार नाही. अण्णांनी विचारले, की बदलता येईल का. इथल्याच पाळकाने आणि दोन सभासदांनी ओळख दिली तर दाखल्याची गरज राहू नये, अशी दुरुस्ती वार्षिक सभेत मांडण्यास मास्तर कबूल झाले. ती मंजूर होईलच याची हमी मात्र त्यांनी दिली नाही, आणि मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला.

शास्त्रपाठाला दाखला लागत नाही, एवढे त्यांनी जाता जाता सांगितले. भाऊने त्या बाळाच्या आईचे नाव सुचवले. पुढच्या रविवारच्या यादीत ते पूर्ण नाव, गावासकट, मास्तरांनी टपरीवरच वहीत लिहून घेतले.