अडगळ म्हणालात ना, मग ऐकाच

आज सकाळी एका ग्रुपवर कुणाच्या तरी लिथुएनिया सहलीचे फोटो आले. विल्नियस झालं, त्राकायचा तळ्यातला किल्ला झाला, आणि शेवटी एका खेड्यातलं संग्रहालय. लाकडी खोली, भिंतीला टेकवलेले चरखे, कोपऱ्यात रंगवलेली पेटी, खिडकीशी लटकवलेला लिननचा टॉवेल. खाली ओळ: "हे म्हणे म्युझियम! आमच्या आजीच्या माळ्यावर याहून जास्त अडगळ होती." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

सोडून देणार होते. पण तो खिडकीतला टॉवेल पुन्हा दिसला आणि डोकं फिरलं.

कारण असाच एक टॉवेल मला माहीत आहे. गावाचं नाव घेत नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं संग्रहालय, सांभाळणाऱ्या बाई म्हणजे गावच्या ग्रंथपाल. 15 ऑगस्टला तिथे झोलिने असते, मेरीचा सण. रानफुलांच्या, औषधी पाल्याच्या जुड्या चर्चमध्ये नेतात. गाव जमणार, संग्रहालय उघडं राहणार, म्हणून बाईंनी मायेने तो टॉवेल गरम पाण्यात धुतला, खळ घातली, कडक इस्त्री केली. पांढऱ्या लिननवर लाल सुती धाग्याची किनार होती. लाल उतरला. टॉवेलचं खालचं टोक गुलाबी झालं ते झालंच.

आता हसा.

तो टॉवेल म्हणजे काय ते आधी सांगते. लिनन म्हणजे जवसाच्या काडीतला धागा. जवसाचं झाड कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा बुडख्यापर्यंत असतो. दातेरी फणीवर ओढून बोंडं काढायची. मग काड्या तळ्यात बुडवायच्या किंवा दवात पसरायच्या आणि सडू द्यायच्या, आपल्याकडे ताग-अंबाडी सडवतात तशाच. कमी सडल्या तर साल सुटत नाही, जास्त सडल्या तर धागाच तुटतो. ऊब असेल तर पाण्यात आठवडा-दीड आठवडा, दवात कित्येक आठवडे, आणि रोज काडी मोडून बघायची. मग भट्टी असलेल्या खळ्याच्या कोठारात वाळवायच्या, मिन्तुवायवर कुटायच्या (लाकडी जबडा असतो, वरचा दांडा खालच्या खाचेत आपटतो), पात्याने झोडून भुसा पाडायचा, खिळ्यांच्या फणीवरून विंचरायचं, आणि मग कुठे चरखा. मुलगी लग्नात द्यायला असे टॉवेल आणि विणलेले पट्टे साठवायची. पेटी भरेपर्यंत.

आणि कार्डावर काय लिहिलेलं असतं? "टॉवेल. लिनन. 20 वे शतक."

माझा राग खरा इथे आहे. संग्रहालय लहान आहे म्हणून नाही. खोलीत बारा चरखे असतात आणि एकाचीही गोष्ट लिहिलेली नसते, त्याचा राग. बारा सारखेच चरखे बघून कंटाळा येतो हे कबूल. पण सारखे नसतात हो ते! रिळाभोवती फिरणाऱ्या लाकडी कमानीच्या दोन्ही बाजूंना तारेचे आकडे असतात, त्यांतून धागा रिळावर जातो ना, ते आकडे जवळून बघा. तारेत बारीक खाच पडलेली दिसेल. लिननचा ओला धागा वर्षानुवर्षं सरकून लोखंडात खाच पाडतो. कुठला आकडा जास्त झिजलाय त्यावरून कळतं की कातणारी रिळाच्या कोणत्या टोकाला जास्त भरायची. लिनन कातताना बोटं सारखी ओली लागतात, म्हणून काही चरख्यांना पाण्याच्या वाटीची जागा असते. वाटी हरवलेली असते आणि ते भोक कशाचं हे कुणीच लिहीत नाही. चाकाची दोरी कुजली की उत्साही माणूस नायलॉनची बांधतो, ती घसरते, चरखा फिरत नाही, मग "मोडका" म्हणून कोपऱ्यात. सुती दोरी बांधा, फिरेल. (चाकाला लिथुएनियन शब्द रातास. आपल्या रथाचा सख्खा भाऊ. चरखा म्हणजे रातेलिस, छोटं चाक. जातं म्हणजे गिरनोस, वेदांतल्या ग्रावन् या दगडाच्या नात्यातला शब्द. एवढं तरी माहीत असू द्या हसण्याआधी.)

ही खेड्यातली संग्रहालयं कुठून आली तेही बघा. 1940 नंतर सोव्हिएत सत्ता, मग सायबेरियाला हद्दपारी, मग 1940 च्या दशकाअखेरीस सामूहिक शेती. पण घरं पाडली ती पुढे, 60 आणि 70 च्या दशकांत. शेतांखाली निचऱ्याच्या नळ्या घालून जमीन सलग करायची म्हणून एकेकटी शेतघरं हटवली, माणसं वसाहतीत आणली. नव्या घरात बाराशे धाग्यांचा माग कुठे ठेवणार? भाकरीची परात नाही, पिंपाएवढी दुओनकुबिलिस असते राय नावाच्या धान्याच्या पावाच्या पिठाची, ती कुठे ठेवणार? सरपण झालं बरंचसं. जे वाचलं ते शाळामास्तर, ग्रंथपाल, पाद्री यांनी हातगाडीवर घालून आणलं म्हणून वाचलं.

मोठं काम झालंच, नाही म्हणत नाही. रुमशिश्केसचं खुलं संग्रहालय 1966 ला स्थापलं, 1974 ला लोकांसाठी उघडलं, जवळपास 195 हेक्टर, पश्चिमेच्या झेमायतियापासून दक्षिणेच्या द्झूकियापर्यंतची अख्खी घरं उचलून तिथे मांडलीत. बघाच. पण तिथे गेलेलं घर आपल्या गावातून गेलेलं असतं. शेजारीण येऊन "हे आमच्या मारेच्या पेटीचं कुलूप" असं तिथे म्हणणार नाही. ते वाचनालयाच्या मागच्या खोलीतच होतं.

आणि एकट्यादुकट्या माणसाच्या वेडाने काय होतं ते पण बघा. न्यूरोनीसचं घोड्यांचं संग्रहालय 1978 चं, पेत्रास वासिनाउस्कास नावाच्या कृषितज्ज्ञाच्या पुढाकाराने. मोसेदिसला वात्स्लोवास इंतास या डॉक्टरने दगड गोळा केले, 1979 ला त्याचं सरकारी संग्रहालय झालं. न्यूरोनीसजवळच्या अनीकश्चियायमध्ये कवी बारानाउस्कास यांचं धान्याचं छोटं कोठार आहे, ते 1927 पासून जपलंय आणि सोव्हिएत काळात त्याच्यावर आख्खी दुसरी इमारत बांधली, पाऊस लागू नये म्हणून. कोठारावर छत्री! कुणी तरी आधी वेडं असावं लागतं.

टॉवेलवर परत येते. बाईंना दोष देणाऱ्यांनी जरा थांबा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला लागतं किती? मागच्या बाजूला, किनारीच्या दिसत नाही अशा कोपऱ्यात, शुद्ध पाण्याचा एक थेंब टाका, पांढरा टीपकागद मिनिटभर दाबा. लाल उमटला तर धुणं बंद. चुकून उतरलाच तर वाळू देऊ नका, गार पाण्यात सारखं खळबळत राहा, वाळला की बसला. खळ घालू नका, कसर खळीवर येते. घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो, जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं जुनं सुती कापड गुंडाळून त्यावर टॉवेल गुंडाळा. लोखंडी खिळ्यावर टांगू नका, गंजाचा डाग मरेपर्यंत जात नाही. क्रमांक बॉलपेनने नाही, चिकटपट्टीने तर नाहीच. सुती फितीवर न उतरणाऱ्या शाईने लिहून चार टाके घाला.

आणि खिडकी! दक्षिणेच्या खिडकीत टॉवेल म्हणजे रोज थोडा थोडा जाळणं. कापडाला 50 लक्स (उजेड मोजायचं माप, म्हणजे मंद उजेड) पुरतो, आणि प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं, रात्री अंधार केला म्हणून भरून निघत नाही. जाड कोऱ्या मांजरपाटाचा पडदा लावा. टॉवेल चाळीस असतील तर तीन लावा, तीन-चार महिन्यांनी बदला. याला युरोपियन निधी लागत नाही. पडदा लागतो.

निधीवरून आठवलं आणि परत चिडले. पैसा आला की टचस्क्रीन येतो. दोन-चार वर्षांत तो बंद पडतो, गावात दुरुस्त करणारं कुणी नाही, आणि काळा पडदा पेटीच्या पुढ्यात उभा राहतो. त्या पैशात एक आडवा फ्रीझर येतो. गंमत नाही करत. लाकूडकिड्यावर त्याच्यासारखं औषध नाही. आधी किडा जिवंत आहे का ते बघा: दीड-दोन मिलिमीटरची भोकं म्हणजे किडा जिवंत असतोच असं नाही, खाली काळा कागद पसरा, वसंतापासून उन्हाळाभर ताजी फिकट पिठी पडली तर आहे. मग वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, उणे 20 वर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार लाकडावर पाणी सुटेल. "आमच्याकडे हिवाळा आहे की, कोठारात ठेवू" हे चालत नाही. थंडी हळूहळू पडली की अळी सावरते, झटक्यात गोठवावं लागतं. रंगवलेली पेटी मात्र फ्रीझरमध्ये घालू नका, रंग उडेल, तिथे जाणकारालाच विचारा.

तसंच शेगडीचं. बाहेर उणे 15, खोली महिनाभर गार, आणि कार्यक्रमाच्या सकाळी शेगडी पेटवून अठरा डिग्री. पेटीची फळी तडकते, रंगाचे पापुद्रे सुटतात, जमलेल्या माणसांच्या श्वासाने लोखंडी कुलपाला घाम फुटून गंज चढतो. गार राहू दे. पाहुण्यांनी कोट घालावा.

आणि पावाची ती पिंपं. घासून स्वच्छ करून वर तेल चोपडून ठेवलेली बघितली की जीव जातो. ती कधी धुवायची नसतात. आतल्या फटींतल्या आंबट पिठानेच पुढचा पाव फुगायचा. तो पांढरा थर म्हणजेच ती वस्तू. आणि खायचं तेल लाकडावर चिकट होऊन धूळ धरतं.

दार बंद असतं, फोन करून किल्ली मागवावी लागते, कार्ड फक्त लिथुएनियनमध्ये असतं. बरं, हेही मान्य. 1990 ला देशात 37 लाख माणसं होती, आता 29 लाखही नाहीत, खेड्यात किल्ली धरायला एक माणूस उरला तरी नशीब. पण तो माणूस आला की पाच मिनिटं द्या त्याला. घराला तुमच्याकडे काय म्हणतात, विचारा. झेमायतियात त्रोबा म्हणेल, नैऋत्येच्या सुवाल्कियात स्तुबा, पूर्वेकडे पिर्क्या किंवा ग्रिचा. एवढ्या एका शब्दाने तो खुलतो. मग पेटीच्या झाकणाची आतली बाजू दाखवायला सांगा, तिथे बहुतेक वेळा रंग ताजा असतो, ऊन लागलेलं नसतं.

मला सुबक कार्ड नको आहे. तीन ओळी हव्यात: कुणी केलं आणि कुणासाठी, इथे याला काय म्हणतात, आणि मधे याचं काय काय झालं. तिसरी ओळ कुणी लिहीत नाही, लाज वाटते.

त्या ग्रंथपाल बाईंनी लिहिली. टॉवेल फेकला नाही, गुलाबी टोक आत दुमडून लपवलं नाही. पुठ्ठ्यावर हाताने लिहिलं: कुणाच्या आईने कातला, कुणी विणला, कुठल्या लग्नात दिला. आणि खाली: "सणाआधी मी धुतला, रंग उतरला." स्वतःचं नाव आणि तारीख.

खिडकीला आता मांजरपाटाचा पडदा आहे. पाहुणे आले की बाई तो बाजूला करतात, दाखवून झालं की परत ओढतात.