क्लच पेडल खाली बसलं म्हणून स्टिअरिंग ऑइल ओतू नका रे बाबांनो

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. "टर्बो मॅन्युअल गाडीचा क्लच बसला? गॅरेजवाल्यांना लुटू देऊ नका, घरीच करा." वर लाल कॉर्व्हेटचा, म्हणजे अमेरिकन स्पोर्ट्स कारचा फोटो, खाली उपाय. मला आला तेव्हा मी न वाचता पुढं गेलो, असले रोज येतात. पण परवा ताईचा खानापूरहून फोन, "अरे हा पोरगा गाडीत कसलं तेल ओतायलाय बघ की, तुझं तरी ऐकंल." व्हिडिओ कॉल लावला तर भाचा बॉनेट उघडून उभा, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलेलं आणि हातात पॉवर स्टिअरिंग ऑइलची बाटली. "मामा, त्यात लिहिलंय की, चालतंय म्हणून." गाडी पुण्याहून आणलेली सेकंडहँड, दीड लिटर टर्बो, सहा गिअर, आणि हा दर रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा. ओरडून थांबवला.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: पेडल मऊ पडलं म्हणजे क्लच प्लेट संपली, अख्खा किट बदला. ऑइल कमी दिसलं तर कुठलंही पातळ तेल चालतं, स्टिअरिंग ऑइल बेस्ट. पॉवरवाल्या गाडीला डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) नको, डॉट ५ घाला. रोज सकाळी पेडल पंप करा, ऑइलमध्ये अडकलेली एअर आपोआप निघते. खाली थेंब नाही म्हणजे हायड्रॉलिक (पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत नेणारी यंत्रणा) ओके. आणि शेवटी स्टीलची ब्रेडेड होज, म्हणजे जाळी विणलेली ऑइलची नळी टाका, सगळं सुटतं.

तेलापासूनच सुरू करतो कारण बाकीच्यात पैसे जातील, यात माणूस जाईल.

बहुतेक गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्याच डबीतून एक नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरला जाते. पेडल दाबलं की हा मास्टर ऑइल पुढं ढकलतो आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर त्या दाबाने क्लच सोडवतो. म्हणजे "क्लचमध्ये" ओतलेलं तेल ब्रेकमध्ये पण जाणार, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. ब्रेक ऑइल हे नावाला ऑइल, असतं ग्लायकॉल जातीचं, आणि त्याच्यात टिकणारी रबरं ईपीडीएम नावाच्या जातीची असतात. स्टिअरिंग ऑइल, इंजिन ऑइल ही खनिज तेलाच्या जातीची, ती ईपीडीएमला लागली की रबर ती पिऊन फुगतं, मऊ होतं, सिलिंडरमध्ये अडकतं. पहिले काही दिवस काहीच कळत नाही, उलट पेडल बरं वाटतं कारण डबी भरलेली असते, आणि मग फॉरवर्डखाली कुणा भावाने कमेंट टाकलेली असते "थँक्स, वर्क झालं". नंतर ब्रेक चाकाला धरून बसतात, नाहीतर पेडल परत वर येत नाही, आणि हे कुठं होणार तर चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढं उतारावर.

बेळगावातल्या लोकांनी हे फॉरवर्ड करावं याचं जास्त वाईट वाटतं. इथल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत हायड्रॉलिकचे पंप, व्हॉल्व बनतात, ग्रुपवरचे कितीतरी जण तिथंच शिफ्ट करतात, कुठल्या तेलाला कुठलं सील ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण बहुतेक तिथूनच घोळ झाला असावा, कारण कारखान्यातल्या प्रेसला, पॉवरपॅकला (तेलाचा दाब तयार करणाऱ्या युनिटला) खनिज तेलच असतं आणि सील नायट्राइल नावाच्या दुसऱ्या रबराची. तिथं ते बरोबर. गाडीच्या ब्रेक-क्लचमध्ये तेच चूक.

माझ्यावर विश्वास नको, बाटली वाचा. अमेरिकेत ब्रेक फ्लुइडसाठी एफएमव्हीएसएस ११६ नावाचं सरकारी स्टँडर्ड आहे, डॉट ३, डॉट ४ हे सगळे आकडे तिथूनच आलेत. त्या स्टँडर्डमध्ये डब्यावर काय इशारा छापायचा ते पण ठरवून दिलंय, आणि त्यात सरळ लिहिलंय की पाणी, घाण किंवा पेट्रोलियम पदार्थ मिसळले तर ब्रेक निकामी होऊ शकतात किंवा महागडी दुरुस्ती लागू शकते. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे?

कुणी ओतून बसलाच असेल तर: पेडलला पाय लावायचा नाही, गाडी चालू करायची नाही. पाय लावलाच नसेल तर सिरिंजने डबी पूर्ण रिकामी करून गाडी टो करून फिटरकडे, तो डबी काढून धुईल आणि नव्या ऑइलने लाइन फ्लश करेल. ओतून चालवली असेल तर नुसतं फ्लशिंग पुरत नाही, ते तेल जिथं जिथं पोचलं तिथली रबरं बदलायची, म्हणजे ब्रेक आणि क्लच दोन्हीचे मास्टर, स्लेव्ह, चाकाजवळच्या ब्रेक कॅलिपरची सील, होज, आणि एबीएसचं युनिट पण. बिल काय येईल त्याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

आता डॉट ५. पाच मोठं म्हणून चारपेक्षा भारी, असं नसतं हो. त्याच स्टँडर्डप्रमाणे डॉट ४ चा कोरडा, म्हणजे नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५, डॉट ५ चा २६० आणि १८०. एवढंच वाचून उड्या मारल्यात. पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही, हवा जास्त धरून ठेवतं म्हणून पेडल आणखी स्पंजी होतं, आणि सिस्टीममध्ये शिरलेलं पाणी त्याच्यात न विरघळता खाली साठून गंज धरतं. जांभळं दिसतं ते डॉट ५. तुम्हाला जे पाहिजे असतं ते डॉट ५.१, ते ग्लायकॉलचंच, आकडे तेच २६० आणि १८०, पण ते सुद्धा झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये चालतं म्हणलं असेल तरच. साधं डॉट ४ दोन वर्षांनी बदललं तरी पुष्कळ आहे, आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तिथं ब्रेक ऑइल कोरडं कसं राहील.

पेडल मऊ म्हणजे प्लेट संपली, हा दावा तर उलटाच आहे. प्लेट संपली की क्लच स्लिप होतो: वरच्या गिअरमध्ये, टर्बो जोर धरतो त्या दोन-अडीच हजार आरपीएमला पूर्ण रेस दिली की काटा वर पळतो आणि गाडी तिथंच, जळका वास येतो. हायड्रॉलिक गेलं की बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नाही: इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केलं की पहिला पडंना, रिव्हर्सला कर्रकन आवाज. दोन वेगळे आजार. आणि एक गंमत, हायड्रॉलिक क्लचमध्ये प्लेट झिजली की स्लेव्हचा पिस्टन मागं ढकलला जातो, म्हणजे डबीतली लेव्हल झालीच तर किंचित वाढते. ऑइल कमी होतंय तर एकतर ब्रेक पॅड झिजलेत नाहीतर कुठंतरी गळतंय. डबीवर क्लचची नळी ब्रेकच्या वर असते ती मुद्दाम, ऑइल कमी झालं तर आधी क्लच मरावा आणि ब्रेकला शिल्लक राहावं म्हणून. म्हणून अचानक क्लच बसला तर प्लेटची किंमत विचारत बसण्याआधी डबी बघा.

यात एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ज्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या तोंडाशी, क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगबरोबरच बसवलेला असतो तिथं तो गेला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि एवढं खाली काढल्यावर अर्धी झिजलेली प्लेट परत आत घालण्यात शहाणपणा नाही. तिथं अख्खा किट म्हणणारा मिस्त्री लुटत नसतो.

"थेंब नाही म्हणजे ओके" हे पण तसंच अर्धवट. मास्टर सिलिंडरचा आतला सील गेला तर ऑइल बाहेर येतच नाही, आतल्या आत पिस्टनच्या मागं निसटतं, लेव्हल पण जशीच्या तशी. तपासायचं असं: सपाट जागा, गाडीपुढं कोणी नको, इंजिन गरम, पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर, आणि ब्रेक न लावता पेडल तसंच धरून बसायचं, उजवा पाय मात्र ब्रेकवर तयार. थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढं सरकायला लागली, तर मास्टरवर संशय. दुसरी खूण, पेडल झटक्यात दाबलं तर धरतं आणि सावकाश दाबलं तर बुडत जातं, कारण झटक्याच्या प्रेशरने सीलची कड सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटला क्लच दाबून थांबणाऱ्यांना हे आधी कळतं.

भाच्याच्या गाडीचं मूळ पण मास्टरच निघालं. फूटमॅट उचलून पेडलच्या मागं, जिथं पेडलची दांडी इंजिनकडच्या भिंतीत शिरते तिथं बोट फिरवायला सांगितलं, बोट ओलं. खाली अंगणात एक थेंब नव्हता, सगळं कार्पेट पीत होतं. स्लेव्ह आत असेल तर गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याच्या तळाला बघायचं, तिथलं ओलं पाण्याने धुतलं जात असेल तर ब्रेक ऑइल, तेलकटच राहिलं तर इंजिनचं नाहीतर गिअरबॉक्सचं.

पंप करण्याबद्दल जास्त नाही बोलत. मास्टरच्या जवळचा एखादा बुडबुडा कधी कधी वर डबीत जातो, हे खरं आहे. पण एअर आली कुठून? जिथून हवा आत जाते तिथूनच ऑइल बाहेर येतं. आणि आतल्या स्लेव्हच्या गाडीत एअर असताना धडाधड पंप केलं तर सील जागेवरून सरकण्याची भीती असते.

त्या कॉर्व्हेटचं पण सांगतो. तिकडच्या १९९७ ते २००४ च्या सी५ कॉर्व्हेटमध्ये जास्त आरपीएमला गिअर बदलताना पेडल खालीच राहायची तक्रार जुनी आहे, क्लचच्या धुळीने फ्लुइड काळं होतं, आणि मालक लोक डबीतलं काळं ऑइल सिरिंजने काढून नवं भरतात, पेडल थोडं पंप करतात, परत काढतात, असं स्वच्छ दिसेपर्यंत. फॉरवर्डमधलं पंपिंग बहुधा तिथूनच उचललेलं, "नवं ऑइल" हा मुद्दा तेवढा गाळून. तिथं क्लचची डबी वेगळी असते, ब्रेकचा संबंध येत नाही.

ब्रेडेड होज वाईट नाही. जुनी रबरी होज दाबाने फुगते, ब्रेडेड टाकली तर पेडल घट्ट लागतं. पण मास्टर आत निसटत असेल तर सोन्याची होज टाका, फरक शून्य. होजचा खरा उलटा त्रास वेगळाच, ती आतून सुजून बंद झाली की ऑइल परत येत नाही आणि चांगली प्लेट स्लिप होते. त्यावेळी प्रेशर अडकलेलं असताना, इंजिन बंद करून, स्लेव्हचा ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) जरा सैल करायचा. चुर्रकन ऑइल उडालं आणि तो घट्ट करून गाडी फिरवल्यावर पहिल्या काही गिअरपुरतं स्लिप गेलं, तर प्लेटला हात लावू नका, आधी होज आणि मास्टरचं परतीचं भोक बघा. ऑइल पेंटवर उडालं तर लगेच पाणी मारा, रंग खातं ते.