‘सिगारेट सोडायला फक्त निर्धार लागतो’ : या मेसेजचं काय करायचं?

“गम, पॅच, गोळ्या हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा. सोडणारे स्वतःच्या बळावरच सोडतात,” असा मेसेज जोरात फिरतोय. (गम आणि पॅच म्हणजे निकोटीन, तंबाखूतलं तलफ लावणारं रसायन, धुराविना देणारं च्युइंगम आणि कातडीवर लावायची पट्टी.)

स्वतःच्या बळावर सोडणारे बरेच आहेत, हे खरंच. पण तसा प्रयत्न करणारेच मुळात सगळ्यात जास्त. विचारायचं ते हे, की शंभर जणांनी प्रयत्न केला तर सहा महिन्यांनी किती टिकले? वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये तीनशेहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. औषधाविना टिकले साधारण ६. नुसत्या पॅचवर ९, पॅच आणि गम जोडीने १२, व्हरेनिक्लिन या सिगारेट सोडवायच्या गोळीवर १४. “म्हणजे ८६ फसलेच ना!” हो, फसले. औषधाविना ९४ फसले.

“पॅच म्हणजे एक व्यसन जाऊन दुसरं.” निकोटीनची सवय लागते, पण कॅन्सर होतो तो धुरामुळे. त्यात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. शिवाय झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, पॅचमधलं कातडीतून तासन्‌तास झिरपतं. तलफ भागते, झटका बसत नाही.

“गोळ्यांनी डोकं फिरतं.” ही भीती हवेतली नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये व्हरेनिक्लिनवर तसा ठळक इशारा छापायला लावला होता. मग आठ हजारांवर लोकांची चाचणी झाली, त्यातले निम्मे आधीपासून मानसिक आजार असलेले. धोका लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये तो इशारा काढला गेला. मळमळ आणि विचित्र स्वप्नं मात्र खरी. दुसरी गोळी ब्युप्रोपिऑन. फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

धंद्याचं म्हणाल तर नफा होतो. सिगारेट विकणारेही काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. आणि सगळीच औषधं आत्ता धंद्यासाठी काढलेली नाहीत : सिगारेट सोडवायचं सायटिसिन हे वनस्पतीतून मिळणारं जुनं औषध पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात आहे.

राहिलं “मी गम खाल्ला, काही झालं नाही.” बरेच जण तो साध्या च्युइंगमसारखा चघळतात. मग निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, उपयोग कमी होतो. हळूहळू चावायचा, तिखटसर चव आली की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळांचा रस नको. आणि चार दिवसांत बंद करायचा नाही, दोन-तीन महिने चालू ठेवायचा.