युरोपचा मान पहिल्यांदा मिळवणारी जपानी गाडी यारिस नव्हे

'युरोपियन कार ऑफ द इयर हा मान मिळवणारी पहिली जपानी गाडी म्हणजे टोयोटा यारिस', असा एक संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पहिला मान निसान मायक्राचा, 1993 सालचा. जपानमध्ये ती 'मार्च' या नावाने विकली जाई. युरोपसाठी इंग्लंडमधल्या संडरलंडच्या कारखान्यात बनत असे. छोट्या गाडीत सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आणि सीव्हीटी (ठरावीक टप्प्यांशिवाय आपोआप, सलग गिअर बदलणाऱ्या) गिअरबॉक्सचा पर्याय, हे त्या काळी फार पुढचं पाऊल होतं. हे श्रेय दुसऱ्या गाडीच्या नावावर जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

यारिसला हा मान 2000 साली मिळाला आणि 2021 मध्ये पुन्हा. तिचं कर्तृत्वही लहान नाही: बाहेरून आखूड पण आत ऐसपैस अशी तिची मांडणी होती. 2001 पासून ती फ्रान्समधल्या व्हॅलेन्सियेनमध्ये बनू लागली. जपानमध्ये मात्र 2020 पर्यंत तिचं नाव 'विट्झ' होतं.

आणखी एक गल्लत: 2018 मध्ये भारतात आलेली यारिस सेडान होती. युरोपात गाजलेली हॅचबॅक ती नव्हे.