पहिल्या बाकावरचा मुलगा

केनियातल्या मोंबासाला जाण्यासाठी नाशिक सोडले त्या दिवशी शरणपूर रोडवरच्या आमच्या इमारतीतल्या काकूंनी नागलीच्या पापडांचा डबा हातात दिला आणि डब्याबरोबर एक प्रश्नही दिला. "तिकडे जाऊन तुम्ही लोकांना ख्रिस्ती करणार म्हणे. पण ते तर आधीच ख्रिस्ती आहेत ना गं?" काकू नियमाने काळारामाच्या दर्शनाला जाणाऱ्या, आणि आमच्या नाताळच्या करंज्यांची चव आईइतकीच चोखंदळपणे पारखणाऱ्या. त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती, हिशेब होता, आणि तो बरोबर होता. 2019 च्या जनगणनेनुसार केनियातील सुमारे 85 टक्के लोक ख्रिस्ती आहेत. मुसलमान 11 टक्क्यांच्या आसपास असले तरी मोंबासाच्या किनारपट्टीवर त्यांची वस्ती दाट आहे.

मग आम्ही इथे काय करतो? माझा नवरा खेड्यापाड्यांतल्या अशा पाळकांना, म्हणजे पाद्र्यांना, शिकवतो, ज्यांना मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, चालवण्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नाही. आठवड्यातले तीन दिवस पवित्र शास्त्र आणि एक दिवस जमाखर्चाची वही. मी एका मंडळीच्या शाळेत गणित शिकवते. दोघांचेही वय तिशीच्या आतले, लग्नाला चार वर्षे झालेली, आणि केनिया सरकारच्या परवान्यावर लिहिलेले कारण 'धार्मिक किंवा धर्मादाय कार्य'. नाशिकमध्ये आमची ओळख 'इथलेच, शरणपूरचे' अशी होती. इथे आम्ही परदेशी मिशनरी आहोत, परदेशी पैशावर जगणारे. तो पैसा म्हणजे नाशिकमधल्या काही निवृत्त शिक्षकांच्या आणि परिचारिकांच्या पेन्शनमधून दरमहा निघणारी रक्कम आहे, ही गोष्ट वेगळी.

नाशिकहून मोंबासाला येण्याची वाट आम्ही पाडलेली नाही. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटी या मिशन संस्थेने 1854 मध्ये नाशिकजवळ शरणपूर वसवले आणि अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकी मुले पुढे तिथे आणून ठेवली जाऊ लागली. त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले जाई. 1873 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांमध्ये असलेला आणि पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत शवपेटीसोबत गेलेला जेकब वेनराइट हा नाशिकला शिकलेला तरुण होता. त्याच वर्षी मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांच्या खटपटीने झांझिबारच्या सुलतानाने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा करार केला. पाठोपाठ शरणपूरचेच विल्यम प्राइस यांनी मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांची वसाहत उभी केली, ती फ्रीअरटाउन. नाशिकला वाढलेले आफ्रिकी तिथे राहायला आले, पण इथल्यांच्या लेखी ते 'बॉम्बे आफ्रिकन' ठरले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर परके. गुलाम पकडणारे आले तर इशारा देण्यासाठी बांधलेली त्यांची घंटा अजून रस्त्याकडेला उभी आहे आणि त्या नाक्याला घंटेवरूनच केंगेलेनी म्हणतात. मी रोज त्या नाक्यावरून मटाटूने, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसने, शाळेला जाते. शरणपूर रोडवरच्या कॅनडा कॉर्नरचे नाव तसे का पडले, हे विचारणारा मला नाशिकमध्ये कोणी भेटला नाही. इथे मात्र केंगेलेनीचे नाव का पडले ते मटाटूचा कंडक्टरसुद्धा सांगतो.

रोजच्या जगण्यात धर्मप्रसार म्हणावे असे फार थोडे असते. सकाळी साडेसहाला पाणीवाल्याची हातगाडी येते आणि वीस वीस लिटरचे पिवळे कॅन उतरवले जातात, कारण आमच्या बोअरचे पाणी इतके मचूळ आहे की त्यात डाळ शिजत नाही. विजेचे पैसे आधी भरायचे, मग फोनवर आलेला वीस आकडी क्रमांक मीटरवर दाबायचा, आणि रात्री अकराला मीटर कुरकुरू लागला की अंधारात तो क्रमांक शोधायचा. पहिल्या महिन्यात मी बाजारात 'विंबी'चे पीठ पाहिले आणि हाताला लागताच ओळखले: ही आपली नागली. इथे तिची पेज करून लहान मुलांना पाजतात. मी भाकरी थापली, तेव्हा शेजारीण हसली आणि मग दोन मागून घेतल्या. तिच्याकडे नारळ खवण्याचे एक बुटके लाकडी आसन आहे, पुढे दातेरी पाते असलेले, थेट आपल्या खवणीसारखे. त्याला 'म्बुझी' म्हणजे बकरी म्हणतात, आणि त्यावर घोड्यावर बसल्यासारखे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे असते. चपाती मात्र तिने मला शिकवली. स्वाहिलीतही तो शब्द चपातीच आहे, पण ती पुष्कळ तेलाची, पदर सुटणारी आणि सणावाराला होणारी. माझी रोजची पातळ पोळी तिला आजाऱ्याचे खाणे वाटते. पाळकाला इथे 'म्चुंगाजी' म्हणतात, अर्थ अगदी आपल्यासारखाच, गुरे राखणारा. त्यामुळे मी 'मामा म्चुंगाजी' झाले. मामा म्हणजे आई किंवा बाई, हे माझ्या आईला फोनवर दोनदा समजावून सांगावे लागले.

या सगळ्यात नाशिकचे वाद रोज फोनवर येऊन पडतात. शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या गटात धर्मांतराच्या बातम्या, मंडळीच्या गटात छळाच्या बातम्या, आणि दोन्ही गटांत परस्परांविषयी सारखाच ठाम आवाज. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली, तेव्हा राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा तापली. नमुना म्हणून उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्याकडे बोट दाखवले जाते, ज्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 60 दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळवायचे असते. दुसरा विषय परदेशी देणग्यांचा. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच स्वीकाराव्या लागतात आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली आहे. आमच्या मंडळीतले बहुतेक लोक या दोन्ही गोष्टींना एकाच मापाने मोजतात आणि विरोध करतात. मला आता तसे करता येत नाही, आणि त्याचे कारण केनियातला एक मुलगा आहे.

शेजारणीचा हा थोरला मुलगा माध्यमिक शाळेत जातो. कुटुंब मुसलमान, वडील बंदरावर रोजंदारीने काम करणारे. फी थकली की मुलांना वर्गातून घरी पाठवण्याची रीत इथे सर्रास आहे. एका सोमवारी हा मुलगा गणवेशातच आमच्या ओट्यावर बसलेला दिसला आणि बुधवारीही तिथेच दिसला. त्याच्या आईने काही मागितले नाही. मीच संध्याकाळी एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने तिच्या फोनवर त्या सत्राची फी पाठवली. कोणाला न सांगता केल्याचे समाधानही मी मनात साठवून घेतले. (एम-पेसावर पैसे पाठवले की पाठवणाऱ्याचे नाव समोरच्या फोनवर ठळक उमटते, गुप्तदानाला ही व्यवस्था मुळीच सोयीची नाही.) दोन रविवारांनंतर उपासनेला तो मुलगा पहिल्या बाकावर बसलेला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्याने चोपून बसवलेले, आणि गीतपुस्तक उलटे धरलेले.

मंडळीतले लोक आनंदले. एका वडीलधाऱ्यांनी माझ्या नवऱ्याची पाठ थोपटली. मी घरी आले आणि त्याच्या आईला विचारले. ती नारळ खवत होती, हात न थांबवता म्हणाली, "मीच पाठवला. तुम्ही आमच्यासाठी एवढे केलेत. आम्ही कृतघ्न आहोत असे तुम्हाला वाटायला नको."

आपल्याकडच्या धर्मांतरविरोधी कायद्यांत 'आमिष' हा शब्द असतो. तो वाचला की आमच्या घरात सगळ्यांना संताप येतो, मलाही येत असे, कारण त्यात असे गृहीत धरलेले असते की गरिबाला स्वतःचे मन नसते. पण त्या दिवशी, मी काहीही मागितलेले नसताना, कोणताही हेतू नसताना, माझे पैसे आमिषासारखेच काम करून गेले होते. देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला की प्रश्न मिटतो, हा आम्हा मिशनच्या लोकांचा आवडता बचाव आहे आणि तो अपुरा आहे. घेणाऱ्याला परतफेडीची एकच वाट दिसत असेल आणि ती वाट देवळाच्या, मशिदीच्या किंवा चर्चच्या दारातून जात असेल, तर देणाऱ्याने तिथे उभे राहता कामा नये.

यावर मला माझ्या पणजोबांचे वडील आठवले. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर ते शरणपूरला आले. पोटासाठी आले की मनासाठी, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. आजी म्हणायची, पोटासाठी आले आणि मनासाठी राहिले. त्या वेळी कोणी 60 दिवसांची नोटीस मागितली असती तर ते उपाशी मेले असते, हे खरे. आणि भाकरी देणारा हात वेगळा आणि बाप्तिस्मा देणारा हात वेगळा असता, तर त्यांच्या पुढच्या चार पिढ्यांना 'तांदळाचे ख्रिस्ती' हे टोमणे ऐकावे लागले नसते, हेही तितकेच खरे.

म्हणून पैशांच्या हिशेबाची मागणी मला आता न्याय्य वाटते. तपशिलावर वाद घालता येईल. 20 टक्क्यांत लहान संस्थेला एक लेखनिकही परवडत नाही, अशी तक्रार रास्त आहे. पण दूरवरून पैसा येतो तिथे ताकद येते, आणि ताकदीचा हिशेब मागितला जाणारच. माझा नवरा पाळकांना जमाखर्च शिकवतो त्याची मुळे इथल्याच एका घटनेत आहेत. मोंबासाच्या उत्तरेला किलिफी परगण्यात शाकाहोलाचे जंगल आहे. 2023 मध्ये तिथे एका पंथप्रमुखाच्या सांगण्यावरून उपास करून मेलेल्यांचे 400 हून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी कार्यगट नेमला आणि धार्मिक संस्थांवर सरकारने कोणते नियम घालावेत यावर देशभर वाद झाला. वाद कडवट होता, बऱ्याच पाळकांनी सरकारी हस्तक्षेपाला विरोध केला. पण तिथे विचारला जाणारा प्रश्न होता: अनुयायाला इजा होते का, त्याला कोण लुबाडतो, त्याला बाहेर पडता येते का? कोणत्या धर्माची डोकी किती वाढली, हा प्रश्न मला त्या वादात ऐकू आला नाही. बहुसंख्य ख्रिस्ती देशात ख्रिस्ती पाळकांवर नियंत्रण हवे की नको, एवढीच चर्चा असल्याने त्यांना ते सोपे गेले, असे कोणी म्हणेल. मान्य. तरीही प्रश्न योग्य विचारला गेला होता.

आपल्याकडचा 60 दिवसांचा नियम इजेचा प्रश्न विचारत नाही, तो मन बदलण्याचीच वर्दी मागतो. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लाउस खटल्यात सांगितले की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. तो निकाल मी मिशनरी असूनही मनापासून मान्य करते, कारण माणसाला धर्मांतरित करणे हे माझ्या हातात नाहीच. पण जो स्वतः बदलतो त्याचे काय? आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की ते हिंदू म्हणून मरणार नाहीत, आणि 1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली. 21 वर्षे आधी वर्दी दिली म्हणायची. पण ती वर्दी साऱ्या समाजाला दिलेले आव्हान होते, जिल्हाधिकारी कचेरीतला अर्ज नव्हता. आमच्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या एखाद्या बाईने असा अर्ज केला, तर त्या 60 दिवसांत तिच्या पाड्यावर कोण कोण येऊन जाईल, हे सांगायला कायद्याचे शिक्षण लागत नाही.

त्या मुलाचे पुढे असे झाले की आम्ही त्याच्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांना गाठले. ते स्वतः मुसलमान आहेत. पुढच्या सत्रापासून जे काही देता येईल ते त्यांच्या मदतनिधीत जाते आणि कोणाला द्यायचे ते शिक्षक ठरवतात. पहिल्याच सत्रात त्यांनी ते शेजारणीच्या मुलाला न देता दुसऱ्याच एका मुलीला दिले. शेजारीण पंधरा दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलली. पोळीला नाव ठेवायला ती पुन्हा स्वयंपाकघरात आली, त्या दिवशी मला हायसे वाटले. मुलगा आता रविवारी येत नाही, शनिवारी गणित घेऊन येतो, आणि त्याचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत.

महिनाअखेरीस नाशिकच्या देणगीदारांना आम्ही प्रार्थना-पत्र पाठवतो. त्या महिन्याच्या मसुद्यात नवऱ्याने लिहिले होते, 'एक मुसलमान तरुण उपासनेला येऊ लागला आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा.' वाक्य खोटे नव्हते. असे वाक्य पत्रात असले की पुढच्या महिन्याची देणगी वेळेवर येते, हेही आम्हा दोघांना माहीत होते. त्यावर आमचे भांडण झाले, रात्री उशिरापर्यंत, मीटर कुरकुरेपर्यंत. शेवटी त्यानेच ते वाक्य खोडले आणि त्याजागी पाणीवाल्याने दर वाढवल्याचे आणि पाच पाळकांनी पहिल्यांदा वर्षाचा ताळेबंद जुळवल्याचे लिहिले.

आठवड्याने मंडळीतल्या एका काकांचा फोन आला. वय ऐंशीच्या घरात, पेन्शनमधून न चुकता पैसे पाठवणारे. आधी तब्येत विचारली, मग म्हणाले, "या महिन्याचे पत्र जरा कोरडे वाटले बाळा. सगळे ठीक आहे ना?"

"ठीक आहे, काका," मी म्हटले. "इथे पाऊस लांबलाय."