केळीवरचा हरण्या टॉवरमुळे येत नाही

काल रात्री यावलहून आमच्या नानांनी एक मेसेज पाठवला, खाली लिहिलेलं, "बघ, म्हनूनच यंदा बाग पिवळी पडू राह्यली." मेसेजात काय, तर फाइव्ह-जीच्या हाय फ्रिक्वेन्सी लहरींनी केळीवर हरण्या रोग येतो, पक्षी मरतात, वायफायने कॅन्सर होतो आणि सिक्स-जी आलं की माणूस आतून भाजणार. नाना त्यावरून टॉवरविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज द्यायला निघालेले, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी केळीचं. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि तो पसरवतो मावा, म्हणजे पानातला रस शोषणारी बारकी कीड. आज सकाळी बागेत गेलो, बांधावरच्या गिलक्याच्या वेलाचं पान उलटं केलं तर मावा नुसता खच्चून भरलेला, बोटं चिकट झाली. जवळच्या ओळीत एका केळीच्या पानावर पिवळे पट्टे, पोंगा, म्हणजे मधलं कोवळं गुंडाळलेलं पान, सडलेला, आणि तिला लागून असलेली केळी हिरवीगार. टॉवरची लहर एक झाड धरून शेजारचं सोडते का? काकडी, भोपळा, गिलकं, मिरची, टमाटे, हे सगळे या व्हायरसची घरं आहेत. झाड एकदा धरलं की त्याला औषध नाही, मुळासकट उपटून नष्ट करायचं आणि मावा आवरायचा. अर्जाच्या मागे आठ दिवस गेले तर तेवढ्यात मावा अजून किती झाडं धरेल, मला राग याचाच येतो.

आता हाय फ्रिक्वेन्सी. लोकांना वाटतं जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त आत घुसणार, पण इथे उलटं आहे. फाइव्ह-जीसाठी २०२२ मध्ये सरकारने केलेल्या लहरींच्या लिलावात जो सगळ्यात वरचा, २६ गिगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) विकला गेला त्याला घराची भिंत अडवते, झाडाची पानं अडवतात, कातडीत तो जेमतेम मिलिमीटरभर जातो, म्हणून तर घरात वेगळी छोटी यंत्रं बसवावी लागतात. राहिलं भाजणं. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये या लहरींसाठी सामान्य माणसाला घातलेली मर्यादा चौरस मीटरला १० वॅट आहे, आणि भारताने तर २०१२ मध्येच टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश धरली होती. मे महिन्यात भर दुपारी जळगावात उभं राहा, अंगावर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं, आणि उजेडाची फ्रिक्वेन्सी फाइव्ह-जीच्या हजारो पट आहे, तरी कुणी आतून भाजत नाही.

कॅन्सरचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरी 'कदाचित कॅन्सर करत असतील' या गटात टाकल्या, पण त्याच गटात मिठात मुरवलेल्या आशियाई भाज्याही आहेत. पक्ष्यांची गोष्ट नेदरलँड्समधल्या हेगची, २०१८ ची, आणि ते पक्षी मेले तेव्हा तिथे फाइव्ह-जीची चाचणी चालू नव्हतीच. सिक्स-जीचं तर स्टँडर्डही अजून ठरतंय.

नानांनी दुपारपर्यंत सात झाडं उपटली. गिलक्याचा वेल काकूंनी लावलाय, तो संध्याकाळी काढायचं ठरलंय.