शेवटी एक्सेलच!

दर तिमाहीला ऑफिसात तीच मीटिंग: डेटाच्या कामाला नोटबुक (कोड लिहून तिथेच चालवायची फाइल) की डॅशबोर्ड (आकडे-आलेख मांडलेला पडदा)? अहो, विळी हवी की ताट, असं विचारतं का कोणी? एकावर चिरायचं, दुसऱ्यात वाढायचं!

ज्युपिटर नोटबुकमध्ये मी डेटा निवडते, पाखडते. सेल, म्हणजे कोडचे तुकडे, वरखाली चालवायची खोड माझीच, कबूल. ४७ नंबरच्या खाली १२ नंबर, आणि कर्नल (कोड चालवणारं इंजिन) रीस्टार्ट केला की सगळं कोसळतं. पण साहेबांना फाइल पाठवली की फोन, "अगं, नोटपॅडमध्ये नुसते कंस दिसतायत!"

मग तेच सगळं पॉवर बीआय या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा. परवा दोन्हीकडच्या ग्राहकसंख्येत फरक आला. किती? एकाचा. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेतलं, वेगवेगळ्या नोंदी मोजणारं डिस्टिंक्टकाउंट रिकाम्या नोंदीलाही एक धरतं, नोटबुकमधल्या पांडास लायब्ररीचं तेच काम करणारं एनयुनिक तिला मोजतच नाही. एका रिकाम्या जागेपायी माझा डबा तसाच राहिला.

डॅशबोर्ड झाला. साहेबांनी दोन स्लायसर (आकडे गाळून दाखवणारी बटणं) फिरवले, "छान" म्हणाले, आणि लगेच, "हे एक्सेलमध्ये कुठून काढायचं गं?"